मामाचा उजवा बूट

मामाचा उजवा बूट आमच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला आहे, जॅकच्या बरोबर वर. नवीन गिऱ्हाइकाची नजर आधी तिथेच जाते. बूट पुढून चपटा, घोट्याकडे घडी पडलेला, पण चमक अजून दुकानातल्यासारखी. "हे काय लावलंय?" असं कोणी विचारलं की मी हातातलं टाकून सांगायला बसते. आई म्हणते, "पुरे तुझं पुराण." मामा खाली मान घालून पाने पुसत राहतो. आणि त्या मानेसाठीच तर मी सांगते.

गॅरेज आईचं. बाबा बाहेरगावी नोकरीला असतात, आणि गाडीतली स्टेपनी कुठे असते हे त्यांना अजून शोधावं लागतं. आई मात्र लग्नाआधीपासून याच कामात. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणतात, म्हणून दारावरच्या पाटीवर 'ताई गॅरेज'. मामा तिचा धाकटा भाऊ. कुठेच टिकेना, तेव्हा आई म्हणाली, ये, माझ्याकडे शिक. तो आला आणि शिकलाही, उगाच खोटं कशाला बोलू. गोड बोलायचा, आल्यागेल्याला खुर्ची पुसून द्यायचा. एका हातात पाना, दुसऱ्या हातात फोन. त्यातला फोनचा हात जास्त चालायचा.

आमच्याकडे एक पद्धत आहे. आई ज्यांच्या हाताखाली शिकली त्यांच्याकडून तिने ती आणली. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नव्हे. गाडी उचलली की तिच्याखाली घोडी लावायची, म्हणजे तो लोखंडी स्टँड, खाली पाय फाकवून उभा राहतो तो. जॅकने दगा दिला तरी गाडी घोडीवर थांबते. हे काम दोघांचं. जॅकचा दांडा ज्याच्या हातात, त्याने विचारायचं, "घोडी?" दुसऱ्याने घोडी लावायची, हाताने हलवून बघायची आणि म्हणायचं, "लागली." तो शब्द कानावर पडेपर्यंत गाडीखाली नखसुद्धा जाता कामा नये. मी चालायला लागले तेव्हापासून दिवसभर हेच ऐकलंय. घोडी? लागली. घोडी? लागली. मला पाढ्यांच्या आधी हे पाठ होतं.

त्या दिवशी मी शाळेत होते. गॅरेजमध्ये फक्त आई आणि मामा. एका गाडीचं मागचं चाक काढून पंक्चरवाल्याकडे पाठवलं होतं आणि तेवढ्यात आई ब्रेक बघणार होती. तिने जॅकने गाडी आणखी जरा उचलली, ब्रेक शू आणायला फळीकडे वळली, परत येऊन बुटक्या स्टुलावर बसली. उजवा पाय पुढे, ड्रमच्या खाली, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या लोखंडी डब्याखाली. तिथे बसलं की आतली घोडी लागलीय की नाही ते दिसत नाही.

घोडी लागलेली नव्हती. जॅक आधी हळूहळू उतरला आणि मग एकदम.

पावलाची हाडं मोडली. ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसले. "आता मीही नटबोल्टची झाले," असं आई दवाखान्यात म्हणाली आणि नर्ससुद्धा हसली. मी हसले नाही.

मग मामा बोलायला लागला. कोणी विचारलं नाही तरी सांगायचा. "काय करणार, ताई विसरली. मला विचारलंच नाही तिने. विचारलं असतं तर लावली नसती का घोडी?" चहा पिता पिता सांगायचा. वर उसासा. टॅक्सीवाले काका आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, त्यांनासुद्धा त्याने पटवलं. लोक यायचे, आईच्या प्लास्टरकडे बघायचे आणि म्हणायचे, "ताई, वय होतं हो माणसाचं. लक्ष राहत नाही." आईचं वय म्हणे. आमच्या मुख्याध्यापिकाबाई तिच्यापेक्षा मोठ्या आहेत आणि त्यांच्या नजरेतून साधं च्युइंगमसुद्धा सुटत नाही.

मी आईला विचारलं, "तू विचारलं होतंस की नाही?"

"विचारलं असेन."

"असेन म्हणजे काय?"

"म्हणजे विचारतेच ना मी. रोज विचारते. त्या दिवसाचं डोळ्यांसमोर येत नाही. पाय आठवतो, त्याच्या आधीचं सगळं धुरकट." प्लास्टरवरून हात फिरवत म्हणाली, "नसेलही विचारलं."

त्या 'नसेलही'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय बरा होत होता. पण आई काठी घेऊन गॅरेजमध्ये यायला लागली तेव्हा सरळ आतल्या खोलीत जाऊन खिडकीशी बसायची, स्पेअर पार्ट पुसायची, फोन घ्यायची. गाडीजवळ जायची नाही. एकदा जॅकचा आवाज आला तर तिने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मी बघितलं. मामाने आईचं पाऊल मोडलं ते एका दिवसात. पण तिचा स्वतःवरचा भरवसा तो रोज थोडा थोडा मोडत होता, चहाच्या घोटाबरोबर.

बाबा आले तेव्हा म्हणाले, "जाऊ दे, भाऊ आहे तिचा."

मी नाही जाऊ देणार होते. हे मी कोणाला बोलले नाही, पण मनात इतकं पक्कं होतं की भूमितीच्या तासाला कंपासचं टोक बाकात घुसवताना मला मामाचाच चेहरा दिसायचा.

इथे माझ्याबद्दल जरा सांगायला हवं. गेल्या वर्षापर्यंत बाईंनी प्रश्न विचारला की मी बाकाखाली पेन शोधायचे. पेन माझ्या हातातच असायचं. मग स्नेहसंमेलनात निवेदन करणारी मुलगी ऐन वेळी तापाने आडवी झाली आणि मला माईकसमोर ढकललं. स्पीकरमधून माझा आवाज आला आणि मला वाटलं, अरे, ही तर बरी बोलते. तेव्हापासून मी थांबलेले नाही. माझी मैत्रीण म्हणते, तुझं झाकण कोणीतरी परत लावा. तर अशी मी, आणि समोर मामा. त्याला अजून वाटायचं की मी तीच, पेन शोधणारी.

मामा तो जॅक भंगारात देणार होता. मागच्या अंगणात फेकलेला मला दिसला. मी म्हटलं, शाळेत सरांनी द्रवाच्या दाबाचा धडा घेतलाय, मला उघडून बघायचाय. मामा म्हणाला, "बघ बघ. बार्बी मोठी झाली वाटतं." मी हसले. त्या वेळी मी बरीच हसायचे.

जॅक ओढत आईच्या खिडकीखाली आणला. आई वरून बघत राहिली.  मी चुकीचा स्क्रू धरला तसं तिला राहवेना.

"तो नाही. आधी जॅक पूर्ण खाली कर. तेल काढ. खाली परात ठेव, वेडाबाई, फरशीवर काय सांडतेस."

तेल परातीत आलं. आईने नाक वर केलं. "इकडे आण बघू." बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला आणि परत बोट बुडवलं.

"काय झालं?"

"हे जॅकचं तेल नाही. ब्रेक ऑइल आहे."

"मग? दोन्ही तेलंच ना?"

"ब्रेकच्या तेलाला वेगळं रबर लागतं. जॅकमधलं रबर त्याने फुगतं, पोचट होतं. सील काढ आतलं."

सील म्हणजे एक काळी रबरी कडी. दट्ट्याभोवती घट्ट बसते आणि तेलाला मागे येऊ देत नाही. ती टणक हवी. माझ्या बोटांत आली ती पाण्यात राहिलेल्या खोडरबरासारखी होती. दाबली तर दबून राहिली. गाडीचं सगळं वजन या एवढ्याशा कडीवर असतं, आणि ती अशी.

"जॅकमध्ये तेल कोण भरायचं?" मी विचारलं.

आई कडीकडे बघत राहिली. "कमी झालं होतं. मी सांगितलं होतं, आणून भर. शेल्फवर जे हाताला लागलं ते ओतलं असणार." मग लगेच, "पण घोडी असती तर काही झालं नसतं. घोडी मीच..."

 मी कडी पुसली आणि कंपासपेटीत टाकली, कोनमापकाशेजारी. रोज शाळेत नेली. सरांनी दोन सिरिंज नळीने जोडून दाखवल्या, बारकी दाबली की जाडी वर येते, तेव्हा मी हात वर केला. "सर, आतलं रबर फुगलं तर?" सर म्हणाले, "मग दाब टिकणार नाही, द्रव मागे गळेल. पण हे तुला कसं सुचलं?" मी म्हटलं, "घरगुती कारण आहे सर."

नवीन सीलचा संच आणला. आई खिडकीतून सांगत गेली आणि मी करत गेले. दट्ट्या सुती फडक्याने पुसला, धुळीचा कण राहिला तरी नवीन सील कापतो म्हणे. जॅकचं खरं तेल भरलं, जॅक खाली असतानाच, तेल घालायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, काठोकाठ नाही. मग दांडा डावीकडे सैल करून, तसं केलं की जॅक उतरतो, नुसताच वरखाली हलवत बसले, आत अडकलेली हवा निघून जायला. हात भरून आले. चाकांना आणि सांध्यांना ग्रीस. शेवटी टॅक्सीवाल्या काकांची टॅक्सी उचलली, खाली घोडी बोटभर अंतर सोडून ठेवली, आणि भिंतीवर बंपरच्या उंचीला खडूची रेघ ओढली. शाळा करून आले तरी बंपर रेघेवर. तसूभर हलला नव्हता.

"चांगला झालाय," आई म्हणाली. ती खिडकीतून बाहेर अर्धी वाकली होती आणि तिला ते कळलंही नव्हतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती परत आत गेली असती.

त्याच आठवड्यात मामाने जेवताना सांगितलं, "ताई, रविवारी पेंटर बोलावलाय. पाटी बदलून घेतो. 'भाऊ गॅरेज'. गिऱ्हाइकंच म्हणतात, आता सगळं तूच बघतोस."

आईने ताटातला घास उगाच इकडचा तिकडे केला. "बरं," ती म्हणाली.

बरं. एवढंच. मी मामाकडे बघितलं. पायात नवे तपकिरी बूट घालूनच जेवायला बसला होता, घोट्यापर्यंतचे, आरसा करून आणलेले. गॅरेजमध्ये तो ते तेल लागेल म्हणून काढून दाराशी ठेवायचा आणि चपला घालायचा. मी त्या उजव्या बुटाकडे बघत माझी भाकरी संपवली. त्या रात्री मला छान झोप लागली.

रविवारच्या आदल्या दिवशी मी मामाच्या लाल गाडीच्या मागच्या चाकाची टोपी काढली, आत एक सुटा नट टाकला आणि टोपी परत बसवली. नट आत खुळखुळायचा, दुसरं काहीच नाही. रविवारी सकाळी मामा आला तो कपाळाला आठ्या घेऊन. "मागून खडखड येतेय गं. काय झालं काय माहीत."

"मी बघते ना," मी म्हटलं. "तू पेंटरकाकांना वेळ दे. पाटी एकदाच होते."

"शहाणी झालीस," मामा म्हणाला. बूट काढले, चपला घातल्या, फोन काढला.

पेंटर बाहेर शिडी लावून उभा होता. त्याला डबा ठेवायला काहीतरी उंच हवं होतं, तर मामाने भिंतीकडची घोडी उचलून दिली. दुसरी घोडी हातोडे ठेवायला म्हणून तिथेच, मामाच्या गुडघ्याशी. मला हे ठरवायचं सुचलं नसतं. त्याचं त्यानेच केलं. टॅक्सीवाले काका बाकावर बसून पेपर वाचत होते. आई आत खिडकीशी.

मी पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले. हँडब्रेक नीट ओढलाय ना ते बघितलं. चाकाचे नट थोडे सैल केले, जॅकची वाटी दाराखालच्या जाड कडेला नेमकी बसवली आणि गाडी उचलली. चाक काढलं आणि काढलेलं चाक आडवं करून त्याच कडेखाली सरकवून ठेवलं. मग दांडा हातात धरला. 

"मामा, घोडी?"

मामाची पाठ माझ्याकडे. फोनवर कोणाला तरी नव्या पाटीचं सांगत होता. "हो हो, अक्षरं लाल, कड पिवळी... लागली गं... अरे तुला नाही, भाचीला म्हटलं."

टॅक्सीवाल्या काकांनी पेपर खाली केला.

"मामा, घोडी?"

"लागली म्हटलं ना. एकदा सांगून कळत नाही." वळून बघितलंसुद्धा नाही. फोनमध्ये हसला. "काही नाही रे, गॅरेजमध्ये पोरीबाळी."

काकांची नजर रंगाच्या डब्याखालच्या घोडीवर गेली. मग हातोड्यांखालच्या. मग गाडीखाली. ते उठायला लागले. मी त्यांना हातानेच खूण केली, बसा.

"मग पाय घालू ना मामा आत?"

"घाल की. विचारतेस काय."

मी दाराशी गेले, त्याचा उजवा बूट आणला आणि ड्रमच्या बरोबर खाली ठेवला, टाच बाहेर, जसा माणूस स्टुलावर बसला की पाय असतो तसा. मग दांड्यापाशी येऊन तो डावीकडे फिरवला. अगदी थोडा. जॅक माझा होता आता, मी सोडेन तसाच येणार होता. गाडी सावकाश खाली यायला लागली. ड्रम बुटाच्या घोट्याला टेकला. कातडं कुरकुरलं. मी आणखी सोडला. घोटा दुमडला, पुढचा भाग आधी फुगला आणि मग त्यातून हवा निघावी तसा बसत गेला. गाडीची कड आडव्या चाकावर टेकली आणि थांबली. मी अजून थोडा दांडा फिरवला, गाडीचं सगळं वजन त्या चाकावर जाईपर्यंत. घाई नव्हती मला.

आवाजाने मामा वळला. फोन कानालाच.

"माझा बूट," तो म्हणाला.

"हो. तू म्हणालास, घाल."

"अगं पण..." त्याने गाडीखाली बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्याशी, मग डब्याकडे. पेंटर शिडीवरच थिजला होता, ब्रश हवेत.

"घोडी लागलीय म्हणालास," मी म्हटलं. आवाज स्नेहसंमेलनाचा लागला होता, रस्त्यापर्यंत जाणारा. "दोनदा म्हणालास. काका, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं," टॅक्सीवाले काका म्हणाले. पेपर त्यांनी घडी घालून मांडीवर ठेवला होता. "बघितलंही."

"मुद्दाम केलंस तू," मामा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"हो, मुद्दाम केलं."

"लाज नाही वाटत? मामा आहे मी तुझा. मी काय मुद्दाम केलं होतं का?"

 मामाच्या स्वतःच्याच लक्षात आलं काय बोलून बसला ते. फोनमधून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

आतून काठीचा आवाज आला. आई दारात उभी होती. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, बुटाकडेही नव्हतं. ती मामाकडे बघत होती, खूप दिवसांनी हरवलेली वस्तू हाती लागावी तशी.

"असंच," ती म्हणाली. "असंच म्हणाला होतास. फोनवर हसत होतास. कोणाचं तरी लग्न ठरलं होतं. मी फळीकडे वळता वळता विचारलं, घोडी. आणि तू म्हणालास, लागली, आणि मग त्या माणसाला म्हणालास, तुला नाही रे."

"ताई..."

"मी विचारलं होतं."

"ताई, मला वाटलं मी लावली असेल. सवयीने तोंडातून जातं गं. नंतर सगळे विचारायला लागले, मग एकदा बोललो ते..." त्याने फोन बंद केला. "मी मुद्दाम नव्हतं केलं."

"पाय मोडला ते मुद्दाम नाही," आई म्हणाली. "नंतरचं रोजचं?"

 मी कंपासपेटी आणलीच होती. कडी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "ही पण घे. जॅकच्या आत ब्रेक ऑइल घातलं होतंस. मी रोज शाळेत नेली तुझ्यासाठी."

त्याने ती दाबली. दबून राहिली. टॅक्सीवाले काका म्हणाले, "भाऊ, आम्ही ताईंना वय झालं म्हणत होतो हो." म्हणाले हळूच, पण मला त्यांच्यावरही राग होताच, तेव्हा बरं वाटलं.

आई लंगडत गाडीपाशी आली. मला वाटलं, आता कानाखाली बसते. तिने वाकून खाली बघितलं.

"आत चाक तू ठेवलंस?"

"हो."

"ठोकळे?"

"पुढच्या दोन्ही चाकांना, दोन्हीकडून."

"दांडा कितपत फिरवलास?"

"अर्धा वेढासुद्धा नाही. हळूच."

"मग ठीक." सरळ उभी राहत म्हणाली, "परत असलं काही केलंस तर तुझीच चामडी खिळ्याला टांगेन."

"मला त्याला माफ करायला सांगू नकोस," मी म्हटलं.

"मी कुठे सांगतेय?"

शिडीवरून पेंटर खाकरला. "ताई, म्हणजे... मी काय लिहू आता?"

"आहे तेच," आई म्हणाली. "जरा ठळक करा. आणि तो डबा खाली ठेवा. घोडी हवीय मला."

मी जॅकने गाडी परत उचलली. बूट काढला. मामा घ्यायला पुढे झाला तर मी तो पाठीमागे धरला. त्याने परत मागितला नाही. आईने बुटकं स्टूल ओढलं. काठी भिंतीला टेकवली. स्टुलाच्या कडेला हात ठेवून ती क्षणभर तशीच उभी राहिली. मला कळत होतं तिचा उजवा पाय काय म्हणतोय ते. मग तिने दांडा माझ्या हातातून घेतला.

"घोडी?" आईने विचारलं. मामाला विचारलं.

मामा गुडघ्यावर बसला. पँटला ग्रीस लागलं, त्याने बघितलं नाही. घोडी सरकवली, कडेखाली बसवली, दोन्ही हातांनी धरून हलवली.

"लागली," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की काकांनी कान पुढे केला.

"ऐकू नाही आलं."

"लागली, ताई."

आईने दांडा सैल केला आणि गाडीचं वजन जॅकवरून घोडीवर उतरवलं. हे ती पूर्वी करत नसे. आणि मग तिने आणखी एक नवीन गोष्ट केली. स्टुलावर बसायच्या आधी जमिनीला हात टेकून ती खाली वाकली आणि घोडी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. नीट, मान वळवून. मामा शेजारीच गुडघ्यावर होता. आता त्याच्या शब्दावर तिचा विश्वास नाही हे त्याला सगळ्यांदेखत कळलं. बूट चपटा झाला तेव्हाही त्याचं तोंड इतकं पडलं नव्हतं.

मग ती बसली आणि पाय पुढे टाकला, आतल्या पट्टीस्क्रूंसकट. "ब्रेक चांगला आहे याचा. खडखड कसली येत होती?"

"नट होता टोपीत," मी म्हटलं. "निघाला."

आई हसू दाबत ड्रमकडे वळली.

मामा त्या दिवशी गाडी तिथेच सोडून, चपला घालून आणि उरलेला डावा बूट हातात धरून चालत घरी गेला. रस्त्याभर लोकांनी बघितलं. गॅरेज त्याने सोडलं नाही. जाणार कुठे? आणि खरं सांगायचं तर त्याने जावं असं मला वाटतही नाही. इथे असला म्हणजे रोज घोडी लावतो. रोज हलवून बघतो. रोज मोठ्याने सांगतो, लागली. आणि रोज आई त्याच्यादेखत खाली वाकते आणि बघते. आता पद्धतच आहे ती आमच्या गॅरेजची, ज्याचा पाय आत जाणार त्याने वाकायचं. पाय तिचा अजून दुखतो, वाकताना जास्तच. तरी ती वाकते.

तेवढा वेळ मामा भिंतीकडे बघत उभा असतो. तिथे खिळा आहे, आणि खिळ्याला त्याचा बूट.